‘नसेल’ नव्हे, ‘नसंल’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ‘एका वाक्यानं गाजलेले सोलापूरचे काका’ अशी अर्ध्या पानाची बातमी आली. ते काका म्हणजे मी. फोटो रिक्षेसकट चांगला आलाय, शेजारच्यांनी कात्रण काढून ठेवलंय, त्याबद्दल आभारी आहे. पण बातमीत तीन गोष्टी चुकल्यात. माझं वय ५७ आहे, ते ६७ छापलंय. मला रील्समधून ‘लाखोंची कमाई’ झाली असं लिहिलंय. ती कुठं ठेवलीय ते तुमच्या वार्ताहरानं सांगावं, मी पिशवी घेऊन येतो. तिसरी चूक सगळ्यात मोठी. हे पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतलंय, पण ती एका ओळीत सांगून कळणार नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

१९८९ पासून मी सोलापुरात रिक्षेवर भोंगा बांधून अनाउन्समेंट करतो. चादर-टॉवेलचे सेल, नवीन दवाखान्याचं उद्घाटन, नळाला पाणी एक दिवस उशिरा, हरवलेली म्हैस, आलेली सर्कस, आणि झाडून सगळ्या पक्षांच्या सभा. सकाळी एकाचा विजय असो, संध्याकाळी दुसऱ्याचा. हल्ली बहुतेक जण पेनड्राइव्ह लावून नुसती रिक्षा फिरवतात. मी अजून माईक हातात धरून बोलतो, म्हणून मला काम कमी आणि घसा जास्त लागतो.

आता ते वाक्य. रिक्षा माणसाच्या चालीनं जात असते. पूर्व भागात निम्म्या घरांतून मागाचा खडखडाट, उरलेल्या निम्म्यांतून कुकरच्या शिट्ट्या. आतल्या बाईच्या कानावर ‘उद्या सकाळी सहा वाजता’ एवढंच पडतं. सहाला काय, ते कळत नाही. ती हात पुसत दाराशी येईपर्यंत मी चार घरं पुढं गेलेलो असतो. म्हणून अनाउन्समेंट एकदा संपली की म्हणायचं, ‘ऐकलं नसंल तर परत सांगतो!’ आणि मग सगळं पहिल्यापासून. या वाक्यात माहिती काहीच नाही. बाईला दारापर्यंत यायला मिळावेत म्हणून ठेवलेले ते तीन-चार सेकंद आहेत. खरी बातमी लोकांना दुसऱ्या वेळी कळते. पहिली वेळ नुसती हाक मारल्यासारखी.

आणि हे वाक्य माझं नाही. माझ्या उस्तादांचं आहे. त्यांचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. त्यांचे वडील अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात हलगी वाजवून दवंडी द्यायचे. सुरुवातीला ‘ऐका हो ऐका’ आणि शेवटी ‘ऐकलं नसंल तर परत सांगतो, मागनं म्हनू नका’. ‘मागनं म्हनू नका’ उस्तादांनी काढून टाकलं, गिऱ्हाइकाला दम दिल्यासारखं वाटतं म्हणून. पूर्व भागात गेलो की मी तेच तेलुगूत म्हणतो, ‘विनकपोते मळ्ळी चेप्तानु’. विजापूर रोडकडं कानडीत, ‘केळलिल्ला अंदर मत्त हेळतीनि’. २०२० च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दिवसांत, रिकाम्या गल्ल्यांतून हेच वाक्य तीनही भाषांत म्हणत फिरलोय. तेव्हा खिडकीतली माणसं दुसऱ्यांदा ऐकायची आणि खिडकी लावून घ्यायची. कुणाला हसू आलेलं मला आठवत नाही.

माझा भाचा चोवीस वर्षांचा आहे, टॉवेलच्या कारखान्यात आहे. त्याला व्हिडिओचा नाद. ‘मामा, तुमची लाइन संपत आली, रेकॉर्ड करून ठिवू’ म्हणाला. (लाइन म्हणजे धंदा. मी नाही.) तो सुट्टीच्या दिवशी रिक्षेत पुढं बसायचा आणि मोबाइल धरायचा. महिन्याभरात पंधरा-वीस व्हिडिओ टाकले असतील. बघणारे कोण, तर आमचेच पाहुणे आणि त्याच्या कारखान्यातली पोरं.

मग एक दिवस अशोक चौकाजवळच्या एका गल्लीत टॉवेलचा सेल सांगत होतो. वरच्या गॅलरीत एक आजी. मी सांगितलं, आजींनी कानाला हात लावला, ‘काय म्हणालाव?’ मी म्हणालो, ‘ऐकलं नसंल तर परत सांगतो!’ आणि सांगितलं. आजी पुन्हा, ‘काय?’ मी पुन्हा. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी माझा आवाज फाटला, भाचा हसून हसून सीटवरनं खाली. आणि आजी शांतपणे म्हणाल्या, ‘ऐकू आलं की वो मगाचंच. मला टॉवेल घ्यायचा न्हाई.’

संपादकसाहेब, त्या सगळ्या व्हिडिओत भारी काही असेल तर ते आजींचं वाक्य आहे. पण तुम्ही ऐकलंय का? तुमच्या बातमीत नाही. कुणीच ऐकलेलं नाही. कारण पंधरा दिवसांनी एका मीम पेजनं तो व्हिडिओ उचलला, कडेचं भाच्याचं नाव कापलं, आजी कापल्या, टॉवेल कापला, आणि चौथ्या वेळचा माझा फाटलेला आवाज तेवढा ठेवला. सहा सेकंद.

मला ‘मीम’ हा शब्दही नवीन होता. मी आधी ‘मेमे’ वाचलं, म्हटलं शेळीचं काय त्यात. भाची कॉलेजात आहे, तिनं सांगितलं की हा शब्द इंटरनेटच्या आधीचा, रिचर्ड डॉकिन्स नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७६ साली केलेला. एका डोक्यातनं दुसऱ्या डोक्यात नक्कल होत जाणारी गोष्ट. म्हटलं, मग उस्तादांचे वडील हलगी घेऊन दुसरं काय करत होते?

पण नक्कल होते कशी, ते मात्र मी नीट समजून घेतलं, कारण माझाच आवाज होता. इन्स्टाग्रामवर रील टाकली की तिचा आवाज वेगळा सुटा होतो. त्यावर बोट ठेवलं की ‘ऑडिओ वापरा’ असं येतं. म्हणजे आवाज माझा, तोंड तुमचं. तुम्ही नुसते ओठ हलवायचे. आणि त्या आवाजाला नाव लागतं ‘ओरिजिनल ऑडिओ’, त्याच्यापुढं ज्यानं तो टाकला त्या खात्याचं नाव. पेजनं माझा आवाज आपला म्हणून टाकला, म्हणून आज हजारो व्हिडिओंवर ‘ओरिजिनल’च्या पुढं त्या पेजचं नाव आहे. भाच्याच्या मूळ व्हिडिओखाली लोक येऊन लिहितात, ‘दुसऱ्याचं ढापू नको बे.’ पोरगं दोन दिवस नीट जेवलं नव्हतं.

लोकांनी काय काय केलं, ते मी बघितलं. सगळं नाही, पण बरंच. बायको नवऱ्याला बाजाराची यादी सांगतेय. क्लासचे सर दहावीच्या पोरांना प्रमेय. पगार कधी होणार विचारल्यावर मालक. आई म्हणतेय ‘मोबाइल ठेव’. यातलं पुष्कळ एकसारखंच, दोन बघितले की तिसरा सांगता येतो. एक मात्र मनात राहिला. मूकबधिर मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंनी माझ्या आवाजावर ते वाक्य हाताच्या खुणांनी केलं होतं. ‘परत’ म्हणताना त्यांचा हात असा वळून आला की वाटलं, छत्तीस वर्षांत आपल्यालाही हे इतकं सोपं करून सांगता आलं नाही.

मी या धंद्यातला माणूस असल्यामुळं विचार करत बसलो, की कुठलं वाक्य चिकटतं आणि कुठलं हवेत विरतं. आमच्या जिल्ह्यातच नमुना आहे. २०२२ च्या जूनमध्ये सांगोल्याचे त्या वेळचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीतनं एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले आणि त्या बोलण्याची क्लिप बाहेर आली. राजकारण बाजूला ठेवा, मी दोन्हीकडचा भोंगा वाजवलाय. नुसतं कानानं ऐका: काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. तीनदा ‘काय’चा ठोका, आणि मग सम, ‘ओक्के’. हलगीला हेच करतात. आणि ‘डोंगर’चा ‘डोंगार’, ‘हॉटेल’चं ‘हाटील’. हे दोन शब्द पुस्तकी असते तर ते वाक्य फोनमध्येच राहिलं असतं. त्या बोलण्याचा मतलब काय होता ते लोक कधीच विसरले. सहलीला गेलेली माणसं, मंगल कार्यालयाचं जेवण, नवीन बांधलेलं न्हाणीघर, सगळ्यांना ते लागू पडलं. २०२४ ला बापू पडले, वाक्य अजून निवडून येतंय.

दुसरं दिल्लीचं. जास्मीन कौर नावाच्या बाई व्हिडिओवर ड्रेस विकायच्या. ‘सो ब्यूटिफुल, सो एलिगंट, जस्ट लुकिंग लाइक अ वॉव.’ २०२३ साली ते सगळीकडं झालं, दीपिका पदुकोणनं ओठ हलवले, आपल्या संभाजीनगरच्या यशराज मुखाटेनं त्याला चाल लावली. त्यातलं इंग्रजी व्याकरणात बसत नाही म्हणतात. बसलं असतं तर कुणी म्हणालंच नसतं. लोक आधी बाईंना हसले, मग तेच म्हणू लागले, मग हसणं कुठल्या कुठं गेलं. त्या बाई दुकानदार आहेत, मीही दुकानदाराचाच माणूस, म्हणून सांगतो: त्या हजारदा तेच म्हणत होत्या, तसाच्या तसा सूर लावून. हजारदा म्हटल्याशिवाय वाक्याला गुळगुळीतपणा येत नाही. तुम्हाला ते सहा सेकंद एकदम आल्यासारखे वाटतात, त्याच्यामागं माझी छत्तीस वर्षं घासलेली आहेत.

भाच्याच्या एका मित्रानं सल्ला दिला, ‘काका, केस टाका.’ त्यानं सांगितलं की अनिल कपूर दिल्ली हायकोर्टात गेले होते, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टानं त्यांचं नाव, छबी, आवाज, इतकंच काय ‘झक्कास’ म्हणायची त्यांची लकबही परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली. पुढच्या वर्षी जॅकी श्रॉफ ‘भिडू’साठी गेले. मला त्यात चूक वाटत नाही. झक्कास हा शब्द आपल्या सगळ्यांचा, पण तसा म्हणतो तो एकटाच. पण मी दिल्लीला कुणाच्या विरुद्ध जाऊ? आणि तिथं उभं राहून हे माझं वाक्य आहे असं कुठल्या तोंडानं सांगू? उस्ताद वर बसून ऐकतायत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी दुसरीकडची चादर सोलापुरी म्हणून विकतात ते आम्ही रोज बघतो. वाक्याचं काय घेऊन बसलाव.

कमाईच्या त्याच चुकीला जोडून तुमच्या बातमीत ‘प्रसिद्धीमुळे कामाचा ओघ वाढला’ असंही आहे. वाढला नाही. एका उमेदवारानं माझी ती क्लिप आपल्या प्रचाराच्या रिक्षेवर लावली. विचारलं नाही, पैसे तर लांबच. मग समोरच्या पक्षानं मला बोलावणं बंद केलं, कारण त्यांना वाटलं मी तिकडचा झालो. एका क्लासच्या जाहिरातीच्या फलकावर माझं वाक्य आणि माझ्यासारख्याच मिशीचं चित्र. भाच्यानं फोन केला तर उत्तर मिळालं, ‘मीम आहे ते, मीम सगळ्यांचं असतं.’ असेल. पण फी त्यांचीच असते.

एवढं सगळं असून मी तक्रार लिहिली नसती. रस्त्यानं जाताना पोरं हात करून ‘काका, परत सांगा!’ ओरडतात, ते मला आवडतं. खोटं कशाला बोलू. या वर्षीच्या गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, जे झालं ते मात्र लिहितोच.

यात्रेत होम मैदानावर मी बरीच वर्षं हरवलेल्या माणसांची अनाउन्समेंट करतो. हे काम मी पैशासाठी करत नाही. दारूकामाच्या, म्हणजे आतषबाजीच्या, रात्री गर्दी किती असते हे सोलापूरकरांना सांगायला नको. पाच वर्षांचं असेल, एक पोरगं आणून बसवलं. पट्ट्यांचा स्वेटर, एका पायात बूट नाही. नाव विचारलं तर ‘अव्वा’ (कानडीत आई) एवढंच म्हणायचं आणि हुंदके. मी माईक घेतला. पट्ट्यांचा स्वेटर, एक बूट, स्टेजच्या डाव्या बाजूला मंडपात आहे, सगळं सांगितलं. आणि सवयीनं म्हणालो, ‘ऐकलं नसंल तर…’

पाळण्यांच्या बाजूनं दोन-अडीचशे पोरांनी एका सुरात उत्तर दिलं, ‘परत सांगतोऽऽ!’ शिट्ट्या. मोबाइल वर. मी बोलत राहिलो, पण माझा मलाच ऐकू येईना. थांबलो. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. यात्रेत अर्धं वाक्य एकानं म्हणायचं आणि उरलेलं सगळ्यांनी, याची आपल्याला सवयच आहे. नंदीध्वज मिरवणुकीला निघाले की ‘एकदा भक्तलिंग हर्र’ म्हणणारा एक असतो आणि ‘बोला हर्र’ सगळं गाव म्हणतं. पोरांनी तेवढ्याच प्रेमानं केलं असेल. पण वर सांगितलं तसं, माणूस सापडतो तो दुसऱ्या वेळी. तीच दुसरी वेळ त्यांच्या आवाजात बुडाली. पोरगं कानावर हात ठेवून माझ्या पायाला चिकटून बसलेलं.

शेवटी मी मराठी सोडली. सगळं कानडीत सांगितलं आणि शेवटी ‘केळलिल्ला अंदर मत्त हेळतीनि’. त्या पोरांना हे ओळखीचं नव्हतं, त्याची रील नाही. दोन क्षण शांत झाले. तेवढ्यात मी दुसऱ्यांदा सांगून घेतलं. पाच मिनिटांत बांगड्यांच्या ओळीतनं बाई धावत आली, हातात तो दुसरा बूट. तिला विचारलं, आधी ऐकू आलं नाही का? म्हणाली, आलं, पण सगळे हसत होते, मला वाटलं काहीतरी गमतीचं चाललंय.

त्या गोंधळाचा व्हिडिओही दुसऱ्या दिवशी आला. ‘काका फुल फॉर्मात’. त्यात पोराचं तोंड स्पष्ट दिसतंय. भाच्यानं चार-पाच ठिकाणी लिहून काढायला सांगितलं. एकानं काढला आणि माफी मागितली. तो एक पोरगा परवा चौकात भेटला, स्वतःहून चहा पाजला. चांगल्या घरचा आहे, कॉम्प्युटर शिकतोय. त्यानं मला एक विचारलं, ‘काका, मग आम्ही म्हणायचंच नाही का?’ मी म्हणालो, म्हण की. पण माझा माईक चालू असताना नको. रात्री दहानंतर भोंगा बंद करायचा, असा २००० सालापासून नियम आहे आणि मी तो पाळत आलोय. तुमचा आवाज रात्री दोनलाही कुठंतरी वाजत असतो, त्याला मी काय करणार. माईक चालू असताना तेवढं थांबा.

आता तिसरी चूक. आपण मथळ्याखाली ठळक अक्षरांत माझं वाक्य छापलंय: ‘ऐकलं नसेल तर परत सांगतो’. नसेल! संपादकसाहेब, मी जन्मात ‘नसेल’ म्हणालेलो नाही. तुमच्याकडच्या कुणीतरी चांगल्या मनानं शुद्ध केलं असणार. पण भोंग्यात ‘ए’ चिरकतो, कानाला टोचतो. ‘सं’ मोकळ्या तोंडानं हवा तेवढा ताणता येतो, गल्लीच्या टोकापर्यंत जातो. उस्तादांनी मला पहिल्या महिन्यात दुसरं काही शिकवलंच नाही, नुसतं ‘नसंऽऽल’ म्हणायला लावायचे, दुकानाबाहेर उभं करून. मीम करणाऱ्या पोरांनी माझं नाव काढलं, आजी काढल्या, टॉवेल काढला, पण ‘नसंल’ला हात लावला नाही. तो तेवढा आपल्या दैनिकानं लावला.

तरी दुरुस्ती छापावी ही विनंती. आतल्या पानावर, बारीक अक्षरात असली तरी चालेल. वयाचं राहू द्या. आणि जागा उरलीच तर आजींचं वाक्य पूर्ण छापा, ‘ऐकू आलं की वो मगाचंच. मला टॉवेल घ्यायचा न्हाई.’ त्या अजून त्याच गॅलरीत बसतात. मी परवा तिकडून गेलो, सेल चालूच आहे. टॉवेल त्यांनी घेतलेला नाही.

आपला,
एक रिक्षावाला अनाउन्सर
जोडभावी पेठ, सोलापूर

(नाव छापू नये. कार्यालयात दिले आहे.)